गोरव्याचं मफत मॉडेल

शुक्रवारी संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. घड्याळ मीच पाहिलं होतं, म्हणून छातीठोक सांगते. त्या मिनिटाला मी जे ऐकलं, त्यानं सोसायटीत मला तोंड दाखवायची सोय ठेवली नाही!

शनिवारी माझ्या लेकीच्या, आर्याच्या शाळेत विज्ञान प्रदर्शन होतं. दुसरीतल्या पोरांनी म्हणे मॉडेल आणायचं! मी सातवी शिकलेली, मी कसलं मॉडेल करणार? आर्या मुसमुसत होती, "सगळ्यांचं असेल, माझंच नसेल."

आमचे हे इथल्याच गोरव्याच्या एका कारखान्यात बॉयलरच्या कंट्रोलचं काम करतात. तेवढ्यात ते फोनवर म्हणाले, "हो साहेब, आपलं सगळं मॉडेल-फ्री! उद्या कधीही या, दाखवतो."

मॉडेल फ्री! घरात देव आणि मी बाहेर शोधतेय! शेजारच्या जागृतीबेनना ओट्यावरूनच ओरडून सांगितलं.

"मफत?" त्यांनी विचारलं.

"साव मफत! अगदी फुकट!"

जागृतीबेननं अर्धवट चिकटवलेला ज्वालामुखी कचऱ्यात टाकला आणि वर्गाच्या ग्रुपवर निरोप सोडला. साताच्या आत दारात जागृतीबेनसकट चार आया, चार पोरं. हे बनियनवर!

"भाई, अमने सूर्यमाळा चालशे."

"कसली सूर्यमाळा?" यांनी कपाळाला हात लावला. "अहो, मॉडेल-फ्री म्हणजे मॉडेल नाहीच!"

जागृतीबेन थंडपणे म्हणाल्या, "एटले मॉडेल पण नथी, ने मफत पण नथी?"

आता सांगा, मी कुठल्या बिळात शिरू?

यांनी बिचाऱ्यांनी समजावलं. बॉयलरचं आतलं गणित, म्हणजेच मॉडेल, मांडत बसायचं नाही. आत काय सोडलं, बाहेर काय आलं, ते बघत बघत वाफ कमीजास्त करायची. जुन्या नोंदींवरून मशीन आपोआप शिकतं.

"एवढंच?" मी म्हटलं. "आर्याच्या अंघोळीचं पाणी मी रोज असंच करते. हात घालायचा, चटका बसला की गार ओतायचं. पाचसहा दिवसांत हाताला कळतं."

यांनी टाळीच वाजवली. "अगं, हेच! हेच साहेबांना समजावताना माझ्या तोंडाला फेस येतो!"

ठरलं! आर्या बादली नेणार. पण जागृतीबेनचा ज्वालामुखी कचऱ्यात गेलेला, बाकीच्या मफतच्या भरवशावर बसलेल्या. मग बाकीच्या चौघींनी काय न्यायचं?

शनिवारी शाळेत ओळीनं पाच बादल्या, पाच थर्मास आणि बाह्या सरसावून मी. मोठ्या बाई आल्या नि घाबरून शिपायाला म्हणाल्या, "नळमां पाणी नथी के शुं?"

मी पाणी कालवून दाखवलं. बाईंनी बोट घातलं, हसल्या. "सरस! पण मॉडेल क्यां छे?"

आर्यानं ऐटीत माझा ओला हात वर धरला. "आ रही! मारी मम्मी!"

पोरगी खूश, मी घामाघूम. आता एवढं करा, ओळखीपाळखीत सांगून टाका: गोरव्याला मॉडेल फुकट मिळत नाही. कालच गावाच्या दुसऱ्या टोकाच्या मांजलपूरहून एका बेनचा फोन आला, त्यांना ताजमहाल हवाय!