एका माणसाच्या मापाचा अजगर

मी हात पुढे केला तो शेकहँडसाठी. त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला, नाकाशी नेला आणि हुंगला.

"चिकन," ते म्हणाले. "जा, धुऊन या. कोपरापर्यंत."

आता तुम्हीच बघा. महिना श्रावणाचा, शेजारी बायको उभी, आणि पेट्रोल भरायला म्हणून गेलेला मी पंपाशेजारच्या दुकानात दोन तंगड्या चापून आलेला. इंग्लंडमधल्या लेस्टरच्या मराठी मंडळात श्रावण पाळणारं घर म्हणून आमचा लौकिक होता. बायकोने माझ्या हातांकडे बघितलं. ती तसं बघते तेव्हा मी साबण जरा जास्तच लावतो.

ते निवृत्त डेंटिस्ट. मंडळात सगळे त्यांना नुसतं डॉक्टर म्हणायचे. त्यांच्या मागच्या खोलीत बोआ जातीचे अजगर असत, त्यामुळे गणपतीच्या दर्शनाला गेलेली माणसं हॉलच्या पुढे सरकत नसत. कोणाच्याही बोलण्यावर त्यांचा विश्वास नव्हता. "सगळी हयात लोक मला सांगत आले, डॉक्टर, आम्ही रोज फ्लॉस करतो. तोंडाचं काही खरं नसतं. हात हुंगावा." चिकनचा वास येणारा हात सापाच्या दृष्टीने चिकनच, हे त्यांनी नंतर सांगितलं. तोवर मी दुसऱ्यांदा हात धुतले होते.

आम्ही तिथे गेलो ते मुलीमुळे. ती चौदाची. मांजराने तिला शिंका येतात, कुत्र्याला फिरवायला घरात कोणाला वेळ नाही, म्हणून तिला बोआ हवा होता. विसरेल, या भरवशावर आम्ही हो म्हणून बसलो. ती विसरली नाही. पेट शॉपमधला पोरगा म्हणाला, टँक जेवढा, तेवढाच हा वाढतो. मी स्वतः सॉफ्टवेअर विकतो. असली वाक्यं मला लांबून ओळखू येतात. शेवटी मंडळातल्या कोणीतरी डॉक्टरांचं नाव सुचवलं.

मागच्या खोलीत भिंतीला लागून काचेचे टँक होते, पण बहुतेक रिकामे. दिवे बंद. मला संशय आला, काही रोगबिग तर नाही? बाकीचे कुठे गेले म्हणून विचारलं, तर "चांगल्या घरी गेले" एवढंच उत्तर. हे वाक्य मी मुलीला तिच्या मेलेल्या हॅम्स्टरबद्दल सांगितलं होतं. संशय वाढला.

दोन पिल्लं उरली होती. एक मादी, लांब, विटकरी शेपटीची, बघत राहावी अशी. दुसरा नर, मातकट आणि आखूड.

"बाबा, ही बघ ना, किती ब्युटिफुल आहे," मुलगी म्हणाली. "आय वॉन्ट हर."

"ती नाही. हा," डॉक्टर म्हणाले.

मी बायकोच्या कानाशी लागलो. न खपणारा माल गळ्यात मारतायत, असं पुटपुटलो. तिच्या डोक्यात अजून माझं चिकनच होतं. तिने मान वळवली.

का म्हणून विचारलं, तर डॉक्टर म्हणाले, "मुलगी बघायला जाता तेव्हा आई बघता की नाही? मग आधी आई बघा."

आई खालच्या मोठ्या टँकमध्ये होती. माझ्या मांडीएवढी जाड, आणि मांडी माझी काही बारीक नाही. डॉक्टरांनी तिच्याखाली हात घातले, उचललं. ती अर्धी बाहेर आली आणि त्यांची मनगटं थरथरायला लागली. शेपूट घसरून जमिनीकडे चाललं. मुलगी जागच्या जागी थिजली. मी दाराबाहेर होतो, कसा ते विचारू नका. आणि आमची बायको, जी पुण्यात पालीला भिऊन माहेरी खोली बदलून घ्यायची, तिने दोन पावलं पुढे जाऊन ते शेपूट कवेत घेतलं.

डॉक्टर बराच वेळ तिच्या हातांकडे बघत राहिले.

"आमची ही तिथेच धरायची," ते म्हणाले.

मग रिकाम्या टँकांचा उलगडा झाला. बायको वारल्यापासून त्यांनी दोन माणसं लागणारे सगळे अजगर एकेक करून दुसऱ्यांना दिले होते. ही शेवटची. तीही केंब्रिजच्या एका जोडप्याकडे निघाली होती. "सापाचं माप सापाकडे बघून काढायचं नसतं," ते म्हणाले. "घरात उचलायला माणसं किती, ते बघायचं." लोकांवर त्यांचा विश्वास नव्हता हे आम्हाला ठाऊक होतं. स्वतःच्या मनगटांवरही नव्हता, हे त्या दिवशी कळलं.

"आम्ही तिघं आहोत की," मी दारातून म्हणालो.

त्यांनी मुलीकडे बघितलं. "ही चार वर्षांत युनिव्हर्सिटीत जाईल. हा वीस-पंचवीस वर्षं जगतो. आणि नर मादीएवढा कधी वाढत नाही." मग बायकोची मनगटं बघितली. मग माझं पोट, आणि धुतलेले हात. "हं," म्हणाले. मातकट पिल्लू उशीच्या अभ्र्यात घातलं, गाठ मारली, आणि अभ्रा मुलीकडे न देता बायकोच्या हातात दिला.

पुढे ते न सांगता घरी यायचे. दारातच सगळ्यांचे हात हुंगायचे. टँकचं कुलूप ओढून बघायचे, पिल्लाला खांद्यावर टाकून चहा प्यायचे. पिल्लू परत न्यायचा त्यांचा डाव आहे, असं मला कैक दिवस वाटे. निघताना बायकोला दर वेळी एकच विचारायचे, "एकटीने उचलता येतो ना?" ती हो म्हणायची. म्हातारपणी माणसं तेच तेच विचारतात, असं मी धरून चाललो होतो.

मुलगी लंडनला शिकायला गेली, आणि त्याच हिवाळ्यात डॉक्टर गेले. क्रेमेटोरियममध्ये त्यांच्या मुलापुढे मी हात केला. त्याने तो हातात घेऊन हलवला आणि सोडला. मी उगाच क्षणभर तसाच थांबलो.

संध्याकाळी घरी आलो. बायकोने साडी बदलली, हात धुतले आणि टँक साफ करायला अजगर बाहेर काढला. चांगला वाढला होता, पण तिच्या खांद्यावर नीट मावला. मी लगबगीने पुढे झालो, थांब, शेपूट मी धरतो म्हणालो.

"राहू दे," ती म्हणाली. "एकटीने उचलता येतो. त्यांनी तेवढ्याच मापाचा निवडला होता. श्रावणात चोरून चिकन खाणारा माणूस. तुला त्यांनी मोजलंच नव्हतं."