चौकीदाराच्या कोटातला बडग्या

आमच्या सौ.च्या मामांइतका थकवणारा मास्तर उभ्या नागपुरात झाला नसेल. जीवशास्त्र शिकवून ते निवृत्त झाले, पण शिकवणे थांबले नाही. महाल भागातल्या आमच्या घरी जेवायला आले की ताटातल्या भाताच्या शितांनी रक्तातल्या पांढऱ्या पेशी मांडत. पंगतीत कुणी वाढप्याला हाक मारली की म्हणत, "जावईबापू, ही मदतनीस पेशी. स्वतः लढत नाही, पण हिनं आवाज दिला नाही तर बाकीच्या ढिम्म बसतात." मी दिवसभर हिशेब तपासून आलेला असे. मान हलवणे स्वस्त पडे.

एड्सचे नाव वर्तमानपत्रांत नुकते येऊ लागले होते तेव्हाची गोष्ट. मामांचा जुना विद्यार्थी दामू, ट्रक चालवणारा, तो रोग घेऊन परतला. भावाने त्याचे ताट वेगळे केले, मग दार लावले. मामांनी त्याला आपली पुढची खोली दिली आणि गल्ली बिथरली.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमच्याकडे मारबत, म्हणजे इडापिडा नेणाऱ्या बाईचा पुतळा, मिरवत निघते. 'रोगराई घेऊन जा गे, मारबत' असे ओरडत लोक तिच्यासोबत बडगे, म्हणजे बांबू-कागदाचे पुतळे, मिरवतात आणि शेवटी जाळतात. मामांना हा सगळा अडाणीपणा वाटे. त्या साली पानठेलेवाल्या बबनने दाताड राक्षस केला, गळ्यात 'एड्स'ची पाटी अडकवली आणि मिरवणूक मामांच्या दारात थांबवली.

"दामूले बाहेर काढा, मामा. याच्यासंगं त्यालेही गावाबाहेर नेतो."

मामांनी पुतळा नीट न्याहाळला. "याले दात काहून लावले गा? साफ चूक! हा रोग चावत नाही. मदतनीस पेशी म्हणजे रक्तातला शिट्टी वाजवणारा चौकीदार. हा त्याच्याच खोलीत घुसते, तिथंच वाढते. वर्षानुवर्षं चौकीदार कमी होत जातात. मग साधा खोकलाही माणसाले नेते."

"अन् आमाले लागला तं?"

"उष्ट्यानं लागत नाही." दामूचा अर्धा राहिलेला चहा मामांनी सगळ्यांसमोर पिऊन टाकला. मग घरातला जुना खाकी कोट आणून बडग्याला चढवला, गळ्यात शिट्टी बांधली आणि भर उन्हात पहिल्यापासून धडा सुरू केला. तासाभराने बबननेच हात जोडले. "समजलं मामा, आता जाऊ द्या!" मामांपुढे थकणारा मी एकटा नव्हतो, हे त्या दिवशी कळले.

मिरवणूक वळली. आत दामूला खोकल्याची उबळ आली. मामा चष्मा पुसत उभे होते. हळूच म्हणाले, "खोकला-खासी घेऊन जा गे, मारबत."

दामू त्याच हिवाळ्यात गेला. मामा अजून जेवायला येतात, गप्प जेवतात. पंगतीत वाढप्याला हाक ऐकू आली की आता मीच विचारतो, "मामा, ही मदतनीस पेशी ना?"

ते नुसती मान हलवतात.