शिडं शिवतो, असं सांगायचो

सुट्टीत रेवसच्या धक्क्यावर उतरलो की कुणी ना कुणी विचारायचंच, "कराचीला काय करतोस रं?" मी म्हणायचो, "शिडं शिवतो." हे खपून जायचं, कारण आमचं घर शिडं शिवणाऱ्यांचं. सुई धरायला, दोऱ्याला मेण लावायला मला बानंच शिकवलं होतं. कराचीत मात्र मी इंग्रजांच्या लष्करी विमानांच्या कारखान्यात पंखांवर कापड शिवत होतो. ती बाँब टाकणारी विमानं होती. पंचेचाळिशी उलटली, आता लपवण्यात काही अर्थ नाही.

काम मला आवडायचं, तेही सांगून टाकतो. तेव्हाच्या विमानांना एकावर एक असे दोन पंख, आत लाकडाच्या फासळ्या, वर लिननचं कापड. नवा होतो तेव्हा मी कापडाला शिडासारखं पोट सोडलं. पोट नसेल तर शीड वारा धरणार कसं? मुकादम पंजाबी. त्यानं बोटानं कापड दाबून बघितलं. "उस्ताद, इसे उड़ाना है, इसमें आटा नहीं भरना." सगळी शेड हसली. मग ताणून शिवायला शिकलो. वरून रोगण चढलं, पिकल्या केळ्यासारख्या वासाचं, की कापड ढोलकीसारखं वाजायचं. पुढे फासळ्या धातूच्या झाल्या, इंजिनं दांडगी झाली. लढाऊ विमानं तर एका माणसापुरती, नुसती भिरभिरणारी. दर थोड्या दिवसांनी काहीतरी सुधारायचं. आमची सुई तेवढी तीच.

एकदा वायव्य सरहद्दीवरून, पठाणांच्या मुलखातून, एक पंख दुरुस्तीला आला. खालच्या कापडाला बोटभर भोक. पंखाबरोबर आलेला मिस्त्री म्हणाला, "बंदुकीची गोळी आहे. खालून झाडलेली."

"कुणी?"

"ज्याचं घर, त्यानं. आधी विमानातून कागद टाकतात, गाव सोडा म्हणून. मग बाँब. एखादा नाही सोडत."

मी ठिगळ लावलं. ते इतकं बेमालूम बसलं की मुकादमानं बाकीच्यांना बोलावून दाखवलं, आणि मला बरं वाटलं. बंदूक घेऊन उभा राहिलेला तो माणूस मनात आला, नाही असं नाही. पण काम मी सोडलं नाही. वर्षामागून वर्षं तिथेच राहिलो.

शेवटी काम सुटलं तेही मी सोडलं म्हणून नाही. दोनाऐवजी एकाच पंखाची, अंगभर पत्र्याची विमानं यायला लागली. त्यांना शिवणच नव्हती. आम्हा शिवणाऱ्यांना घरी पाठवलं.

आलो तेव्हा बा पडवीभर गावच्या तांडेलाच्या होडीचं, मचव्याचं, शीड पसरून बसला होता. नजर अधू झालेली. त्यानं सुई माझ्यापुढे धरली. "घे. तांडेल कवाचा सांगून गेलाय, माज्या मचव्याला कराचीवाल्याचाच हात पायजे."

ती सुई काही माझ्यानं घेववेना. शिडाच्या कडेला बसलो आणि सगळं सांगितलं. गोळीच्या भोकाचंही.

बा दोऱ्याला मेण लावत राहिला. "ठिगळ लावताना हात थरथरला व्हता?"

"न्हाय, बा."

"मला वाटलं, थरथरला म्हनशील." त्यानं दोरा गुंडाळला. "मी कोन तुला माफी देनार? ज्येंची घरं, त्येंनी द्यायची. त्ये काय रेवसला येनार न्हाईत. पन ह्या शिडाखाली तांडेल आनि त्येची मान्सं बसनार. त्येला सांग. त्यो व्हय म्हनला, तर शिव."

तांडेल मचव्याला तेल लावत होता. बापापाशी बोललो ते एक, पण भर धक्क्यावर दुसऱ्या माणसाला सांगणं वेगळं. तरी सांगितलं. तांडेलाचं फडकं थांबलं.

"आनि इतकी वर्सं आमाला शिडं म्हनून सांगत व्हतास?"

"व्हय, काका."

"मी सगळ्या बंदरांत सांगत फिरलो. आमच्या गावचं पोरगं कराचीला शिडं शिवतंय म्हनून. मला येडा केलास की रं." त्यानं फडकं पुन्हा तेलात बुडवलं आणि फळ्या चोळायला लागला. मी परत फिरलो तसा मागून म्हणाला, "चाललास कुठं? दसऱ्याला मचवा पान्यात घालायचाय. शीड कोन शिवनार, तुजा आंधळा बा?"

ते शीड आम्ही दोघांनी मिळून शिवलं. त्यानंतर नवं काम घेताना मी आधी कराचीचं सांगतो. दोघा गिऱ्हाइकांनी काम दुसरीकडे नेलं. त्यातला एक तर चहा अर्धा ठेवून उठला, आणि त्याचं मला वाईट वाटलं नाही. बाकीचे ऐकून घेतात, एखादा खोदून विचारतो, त्यालाही सगळं सांगतो. मग कापडाचा तागा उलगडायला घेतो.