सुलभाचे वडील हयात होते

डॉ. सुलभा गरीब नव्हती. कृपया तसं लिहू नका.

काल ती गेली आणि सकाळपासून आमच्या कोलकात्याच्या मराठी ग्रुपवर सुरू झालंय. "अत्यंत गरिबीतून वर आल्या." "पोरकेपणावर मात करून डॉक्टर झाल्या."

पोरकी? बेहालाला तिच्या वडिलांचं दोन मजली घर होतं. दारात अँबॅसेडर.

ती घर सोडून निघालेली होती. फरक आहे.

सत्तरच्या दशकाची सुरुवात. वडील म्हणाले, "आधी लग्न. पुढे शिकायचं की नाही ते नवरा ठरवेल."

ही बॅग उचलून निघाली. डमडमच्या एका शाळेत सायन्स शिकवायला लागली आणि माझी रूममेट झाली. मी तेव्हा बँकेत होते.

चोविसाव्या वर्षी तिला मेडिकलला सीट मिळाली. फी त्या काळात फार नव्हती, पण नोकरी सोडावी लागणार होती. मग खोलीचं भाडं, जेवण, पुस्तकं, हाडांचा सेट, हे सगळं कुठून आणायचं? माझ्या एकटीच्या पगारात दोघींचं भागत नव्हतं.

आपल्या मंडळींची एक संस्था होती, एस्प्लनेडजवळ ऑफिस. होतकरू विद्यार्थ्यांना डिग्री मिळेपर्यंत दरमहा मदत द्यायचे. अर्जात वडिलांचं उत्पन्न लिहायचं होतं.

तिथेच गाडी अडली.

सेक्रेटरी नाना भला माणूस. इंटरव्ह्यूच्या आधी तिला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "सुलभा, वडिलांच्या नावाआधी 'कै.' लाव. एका अक्षराचं काम. आत कुणी विचारणार नाही."

"नाना, परवाच मला बसस्टॉपवर दिसले ते. तब्येत छान आहे."

"अगं, फक्त कागदावर!"

"कागदावर तरी का मारू?"

मी तिला चिमटा काढला. "लाव ना बाई. डॉक्टर झालीस की जिवंत कर."

तिने 'कै.' न लावताच अर्ज नानांच्या हातात दिला.

आत कमिटी. मीही तिच्या मागोमाग शिरले. अध्यक्ष म्हणाले, "एवढ्या मोठ्या माणसाच्या मुलीला मदत दिली तर लोक आमच्या तोंडात शेण घालतील."

"ते खर्च देत नाहीत."

"मग त्यांची माफी माग."

"कशाची?"

दुसरे एक सभासद हळहळले, "लग्न झालं असतं तर नवऱ्याचं उत्पन्न तरी धरता आलं असतं."

झालं. सुलभा उठली. पर्समधून एक पावती काढून टेबलावर आपटली.

"ही तुमच्याच संस्थेची. वर्गणी दरवर्षी माझ्या पगारातून घेता, माझ्या नावाने पावती फाडता. तेव्हा नाही विचारलंत वडील काय कमावतात ते. वर्गणीला मी सज्ञान, आणि मदतीला बाबांची छकुली?"

कुणीतरी खोकलं.

"वडील मेले असते तर दिली असतीत. नवरा असता तर विचार केला असतात. समोर मी उभी आहे, तर माझं काय करायचं ते तुम्हाला कळत नाही."

"फार उद्धट आहेस," अध्यक्ष म्हणाले.

"आहे. पण अर्जात खोटं लिहिलेलं नाही."

आम्हाला बाहेर बसवलं. बऱ्याच वेळाने नाना घाम पुसत आले. "मंजूर. अपवाद म्हणून."

आता तरी गप्प बसावं ना? तर ही म्हणते, "अपवाद नको. नियम करा."

मी तिला दंडाला धरून जिना उतरवला. (नियम व्हायला पुढे कित्येक वर्षं गेली. दर वार्षिक सभेला ही उठून तेच विचारायची. लोक तिच्या शेजारची खुर्ची टाळायचे.)

श्यामबाजारच्या ट्राममध्ये खिडकीशी बसली आणि एकदम हमसून हमसून रडायला लागली. मला वाटलं, आनंदाने रडतेय.

शेजारच्या बंगाली बाईंनी तिच्या पाठीवर हात ठेवला. "की होयेछे, मा? केउ मारा गेछेन?" कुणी गेलं का?

सुलभाने मान हलवली.

"ना, माशीमा. बाबा बेंचे आछेन."

जिवंत आहेत बाबा.

सुलू, नीट जा. तुझ्या डमडमच्या पेशंटांसकट आम्ही सगळे आज रडतोय, आणि तुला कुणालाही दटावता येणार नाही.