दोघं बरोबरीने या

सुलभा गेली तेव्हा मी हॉस्पिटलच्या कँटीनमध्ये होतो. तिनेच पाठवलं होतं, "अहो, चहा घेऊन या, चेहरा बघा कसा झालाय." मुलगी, नेहा, जिना उतरून आली आणि माझ्यासमोर बसली. मी चहाचा ग्लास संपवला. तो का संपवला हे मला अजून कळत नाही. नंतर बडोद्यात हरणी भागातल्या आमच्या घरी माणसं भेटायला येत राहिली. जो तो म्हणे, फार शांत बाई, कधी तुमच्या शब्दाबाहेर गेली नाही. मी मान हलवत होतो आणि आतून शरमेने मरत होतो, कारण ती शांत कधीपासून झाली हे मला एकट्याला ठाऊक होतं.

लग्न झालं तेव्हा मी रिफायनरीत नुकता लागलो होतो. आमच्यातली सगळी जोडपी आबूला नाहीतर महाबळेश्वरला जात. सुलभा म्हणाली, "आपण सायकलींनी पावागढला जाऊ या. गाडीतून नुसतं पोचता येतं, सायकलवरून वाट बघता येते." कॉलेजची सगळी वर्षं तिने बडोद्यात सायकल दामटली होती. मी तिच्यावर इतका खूश होतो की तिने पायी काशीला चल म्हटलं असतं तरी निघालो असतो. आईने कपाळाला हात लावला. शेजारच्या कांताबेन तर गॅलरीतून ओरडल्याच, "हनीमून? सायकल उपर?" आणि सगळी गल्ली हसली.

वाघोडियापर्यंत मला धाप लागली होती. सुलभा पुढे जायची, झाडाखाली थांबायची, मी पोचलो की पाण्याची बाटली पुढे करायची. चहाच्या टपरीवर एकजण मोठ्याने म्हणाला, "बेन आगळ ने भाई पाछळ!" बाई पुढे अन् बुवा मागे! मीही हसलो, पण ते हसणं काही खरं नव्हतं. तिने मात्र पिशवीतून पाना काढला आणि माझी सीट दोन बोटं वर केली. "खाली होती, म्हणून पाय भरून येतात," म्हणाली. हातातला हिरवा चुडा किणकिणत होता, बोटं ग्रीसने काळी झाली होती... तिच्याकडे बघताना वाटलं, आपलं नशीब उघडलं. पावागढच्या पायथ्याशी चांपानेरला आम्ही दोन रात्री धर्मशाळेत राहिलो. संध्याकाळी पडक्या तटावर बसून ती शेंगा सोलायची आणि शाळेत काय काय शिकवणार ते सांगायची. एवढी बोलकी मी तिला पुन्हा पाहिली नाही.

परतताना ती पुढेच होती. बडोद्याची वेस, पाणीगेट, दिसायला लागलं तसं मला पुढचं सगळं दिसू लागलं. गल्ली, आई, कांताबेन, ओट्यावर बसलेले मित्र. मी तिला हाक मारली आणि म्हणालो, "आता गावात शिरतोय. तू जरा मागे राहा."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग ब्रेक लावला.

गल्लीत मी रुबाबात शिरलो. ती बरीच मागून आली. कांताबेन म्हणाल्या, "वहू तो थाकी गई!" मी एवढं म्हणायला हवं होतं की नाही हो, दमलो मी. पण मी म्हणालो, "सवय नाही ना तिला." सुलभाने पदराने कपाळ पुसलं. त्यावर घामाचा थेंबही नव्हता.

ती भांडली नाही. पुढे वर्षानुवर्षं शाळेत सायकलनेच गेली, पण माझ्याबरोबर कधी नाही. बाजारात, लग्नकार्यात माझ्यामागून चालायची. मला ते संस्कार वाटायचे.

नेहाने लग्नानंतर नवऱ्याबरोबर कच्छमध्ये सायकलने फिरायचं ठरवलं, तोवर ही फॅशनच झाली होती. ना धूर, ना गाजावाजा, वर व्यायाम. अलकापुरीहून व्याही आले होते. त्यांच्यासमोर मला चेव आला. "आम्ही तर तेव्हाच केलंय हे! फक्त शेवटी शेवटी ही दमली." सुलभा बासुंदीच्या वाट्या भरत होती. तिचा हात थांबलासुद्धा नाही. पाहुणे गेल्यावर स्वयंपाकघरातून तिचा आवाज ऐकू आला, "नेहा, घरी परत याल ना, तेव्हा दोघं बरोबरीने या. मागेपुढे नको."

"म्हणजे काय गं?"

"काही नाही. या म्हणजे झालं."

मी बाहेर पेपर वाचत होतो. पान उलटलं.

आता तिचा मोबाइल माझ्याकडे आहे. रोज संध्याकाळी चार्जिंगला लावतो. लावला की त्यावर एक फोटो उजळतो. आमच्या सोसायटीचं सरकतं फाटक आणि त्याच्या रुळावर अगदी एका रेषेत टेकलेली सायकलींची दोन पुढची चाकं. चेहरे नाहीत, काही नाही. कच्छहून आल्या दिवशी नेहाने काढून आईला पाठवलेला. परवा नेहाने विचारलं, "बाबा, आमचे इतके छान फोटो होते, आईने हाच का ठेवला?" मी म्हणालो, "तिलाच ठाऊक."

म्हणजे पुन्हा तेच केलं. ती राहिलेली नसतानाही केलं. तोंडाने सांगायचा धीर नाही म्हणून इथे लिहितोय, नेहा पेपरची ही पुरवणी वाचते.

नेहा, तुझी आई त्या दिवशी दमली नव्हती.