रिकाम्या जागेवरचा तारा

कूनाबराब्रन गावात लोर्ना पॅस्कोला सगळे ओळखायचे. निम्म्या गावाला लहानपणी तिनेच बसमधून शाळेत सोडलं होतं. नोकरी संपली, नवरा गेला. पण दिवेलागणीला मागच्या अंगणात दुर्बीण घेऊन बसायची सवय काही सुटली नाही.

ती बघायची ती एक रिकामी जागा. वृश्चिक राशीतल्या तीन बारीक ताऱ्यांच्या मधली. तिथला तारा एरवी तिच्या दुर्बिणीतून दिसतच नसे. शेजारच्या ताऱ्याचा वायू ओढून तो अंगावर साठवत राहतो आणि काही वर्षांनी एकदम भडकतो. मागच्या वेळी तो भडकला तेव्हा नेमके आठवडाभर ढग होते. तेव्हापासून ती वाट बघत होती.

सप्टेंबर सरत आला होता. त्या संध्याकाळी तिला तिथे ठिपका दिसला. पण दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आलेला, हल्ली तिला चंद्रसुद्धा दोन दिसायचे. तिने कुंपणावरून शेजारच्या डेसला हाक मारली. डेस मेंढ्यांची लोकर कातरणारा, आकाशाशी त्याचं देणंघेणं पावसापुरतं.

"चहा टाकलाय मी," डेस कुरकुरला.

"मरू दे तुझा चहा. यातून बघ. तीन ताऱ्यांचा त्रिकोण दिसतोय?"

"त्रिकोण कुठला? चार आहेत की. मधला तर चांगला ठसठशीत आहे. का गं? अगं, रडतेस काय?"

लोर्नाने तिथूनच पर्थच्या आयोनाला फोन लावला. आयोना संशोधक, असे तारे क्ष-किरणांत बघणं हेच तिचं काम. तारा भडकला की लगेच कळवा, असं तिने लोर्नाला सांगून ठेवलं होतं. ते किरण आपल्या हवेतून खाली येत नाहीत, म्हणून ते टिपणारी दुर्बीण उपग्रहावर बसवलेली असते.

"लोर्ना, नक्की ना?"

"माझ्या डोळ्यांवर जाऊ नकोस, पण डेसचे चांगले आहेत."

दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत उपग्रह तिकडे वळला. पण हवं ते दिसेना. स्फोटात उडालेल्या वायूने तारा झाकला होता. तो ढग विरळ झाल्याशिवाय आतल्या धगधगत्या पृष्ठभागाचे किरण बाहेर येणार नव्हते. आणि आकाशात तारा रोज सूर्याकडे सरकताना दिसत होता. फार जवळ गेला की उपग्रहाला तिकडे बघताच येत नाही.

"आज?" लोर्ना रोज विचारी.

"नाही हो. अजून अंधारच," आयोना सांगे.

लोर्नाचं जेवणातलं लक्ष उडालं. तेवढ्यात डबोच्या दवाखान्यातून शस्त्रक्रियेची तारीख आली. ती पुढे ढकलायला निघाली, तर डेसने तिला दटावून गाडीत बसवलं.

शस्त्रक्रिया झाली. डोळ्यावर पट्टी बांधून ती बाहेर बसली असताना फोन वाजला.

"आयोनाने आलेख पाठवलाय," डेस म्हणाला.

"वाच ना मग! माझा दुसरा डोळा म्हणजे नुसतं धुकं."

"यात वाचायचं काय? रेघ आहे. खाली सपाट... सपाट... लोर्ना, अगं, ही तर सरळ वरच गेली! घोड्याने कुंपणावरून उडी मारावी तशी! खाली लिहिलंय, 'ढग विरला. किरण सुरुवातीपासून सापडले. तुम्ही आठवडाभर उशिरा कळवलं असतं, तर हे हातचं गेलं असतं.'"

लोर्ना इतकी हसली की नर्स धावत आली. "बाई, डोळ्याला ताण नका देऊ!"

"ताण कसला बाई," लोर्ना म्हणाली, "आज मला सगळं दिसतंय."

घरी परतताना डेसने विचारलं, "आता परत कधी भडकणार हा?"

"दहा वर्षांनी. कदाचित बारा."

डेसने बोटांवर वर्षं मोजली. मग म्हणाला, "मग मला ती दुर्बीण नीट धरायला शिकव. पुढच्या वेळी चहा नंतर टाकीन."