मी कापलेला दीड वेढा

ही गोष्ट सांगायची मी बरीच वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, गॅरेजमधल्या भागीदारालाही नाही. गप्पांमध्ये कुणी स्प्रिंगांचा विषय काढला, की मी चहा सांगायच्या निमित्तानं उठायचो. आता गॅरेज बंद झालं आहे, कुणी विचारायलाही येत नाही. पण जिच्यावर खोटा ठपका आला त्या बाईबद्दल लोक अजूनही तेच बोलतात, म्हणून लिहितो आहे.

रबाळ्याला एमआयडीसीत माझं सस्पेन्शनचं गॅरेज होतं. साताऱ्याहून आल्यापासून दुसरं काम केलं नाही. एके दिवशी ऐरोलीजवळच्या गावातला एक तरुण आपली छोटी गाडी घेऊन आला. त्याला ती खाली बसवून हवी होती. त्यासाठी तयार स्प्रिंगा मिळतात. त्या मूळच्यापेक्षा आखूड असतात, म्हणजे चाकाला वरखाली व्हायला जागा कमी उरते, म्हणून त्या कडकही असतात. गाडी जमिनीजवळ येते, वळणावर झुकत नाही, स्टिअरिंग फिरवलं की लगेच ऐकते. बदल्यात प्रत्येक खड्डा पाठीत बसतो. हे सगळं त्याला समजावून मी चारही स्प्रिंगा बदलल्या.

पुढची बाजू त्याच्या मनासारखी बसली, मागची उंच वाटली. हे माप आम्ही बोटांनी घेतो. टायर आणि वरचा पत्रा यांच्यात किती बोटं जातात ते बघतो. त्यानं हात घातला. तीन गेली.

"काका, ही गाडी हाय का उंट? दोनच बोटं पायजेत. पोरं हसतील मला."

मी म्हणालो, शेठ, यापेक्षा खाली नको, डिकीत वजन टाकलंत तर गाडी टेकेल. तो म्हणाला, डिकीत फक्त स्पीकर असतो. पण डिकीचं कार्पेट मी आधीच उचललं होतं. त्याखाली कांद्याची सालं होती, चांगली ओंजळभर. या गाडीतून कुणीतरी पोती आणत होतं. ते मला कळलं आणि मी गप्प बसलो. बाजूच्या गॅरेजवाल्यानं एक बोट जास्त खाली बसवली असती आणि हा तिकडे गेला असता, एवढीच भीती होती. मी ग्राइंडर घेतला आणि मागच्या दोन्ही स्प्रिंगांचा दीड-दीड वेढा कापला.

तयार स्प्रिंगेचं टोक खालच्या बैठकीच्या खाचेत घट्ट बसेल असं वळवलेलं असतं. कापलं की ते टोक जातं. गाडी जॅकवर असताना डावी स्प्रिंग मी हातानं हलवली, ती खुळखुळली. गाडी खाली घेतली तशी वजनानं दबून बसली. दोन बोटं. तो खूश होऊन गेला.

आठवड्याभरानं तीच गाडी घेऊन त्याची बायको आली, एकटी. ती घरून डब्यांचा धंदा करायची आणि रोज सकाळी एपीएमसीतून भाजी, कांदे-बटाटे आणायची. म्हणाली, गाडी पूर्वीसारखी राहिली नाही, जरा बसून बघा. मी तिच्या शेजारी बसलो. मागे दोन पोती होती.

ती चांगली चालवायची. आरसे बघत, आपल्या लेनमध्ये, उगाच घाई नाही. तिच्या रोजच्या रस्त्यावरच्या उड्डाणपुलाच्या पहिल्या सांध्यावर मागून धाडकन आवाज आला, स्प्रिंगेत जागाच उरली नव्हती आणि गाडी रबरी ठोकळ्यावर आपटत होती. पुढचा सांधा वळणात होता. तिथे मागचा भाग हवेत उडाल्यासारखा झाला आणि हातभर बाजूला सरकून पडला. शेजारून कंटेनर चालला होता. त्याची चाकं माझ्या खिडकीला लागतात की काय असं वाटलं. मी दाराचं हँडल धरलं होतं. तिनं स्टिअरिंग सांभाळलं, पण बोटं पांढरी पडली होती.

पूल उतरल्यावर तिनं गाडी कडेला घेतली.

"काका, मला भीती वाटते हिची. घरी म्हणतात तुलाच चालवता येत नाही. तुम्ही खरं सांगा, गाडीत काही आहे का?"

खरं सांगितलं तर स्प्रिंग कापल्याचं सांगावं लागलं असतं. मी म्हणालो, "काही नाही ताई. कडक आहे एवढंच. सवय होईल."

तिनं मान हलवली. माझ्यावर विश्वास ठेवला.

त्यानंतर रोज सकाळी मला धास्ती असायची. आता ती बाजारातून निघाली असेल, आता पुलावर असेल. तिला बोलावून माझ्याकडे पडून असलेल्या मूळच्या स्प्रिंगा परत बसवायला दोन तास पुरले असते. मी उद्यावर ढकलत राहिलो.

बारा-तेरा दिवसांनी त्याच पुलावरून गाडी टो होऊन आली. उजवी बाजू दुभाजकावर चेपली होती. ती वाचली होती, खुबा मोडला होता. मी एकटाच गाडीखाली गेलो. डावी स्प्रिंग बैठकीतून निसटून तिरकी अडकली होती, आणि पत्र्यावर ती घसरल्याचा ताजा, चकचकीत ओरखडा होता.

दोन्ही स्प्रिंगा मी काढल्या, मूळच्या बसवल्या, कापलेल्या भंगारात टाकल्या. ओरखड्यावर काळा रंग मारला. संध्याकाळी नवरा आला. त्याचा चेहरा उतरला होता. गाडीत काही बिघाड होता का, असं त्यानं दोनदा विचारलं.

"गाडीत काही नव्हतं, शेठ," मी म्हणालो. "ताईंनी वळणात ब्रेक मारला असणार."

तेच वाक्य त्यांच्या घरात गेलं, गावात गेलं. दोन-अडीच महिन्यांनी दोघं गाडी न्यायला आली तेव्हा ती काठी टेकत येऊन मागच्या सीटवर बसली. डब्यांचं काम बंद केल्याचं नवऱ्यानं सांगितलं. आता हिच्या हातात चावी द्यायची नाही, असंही म्हणाला. ती माझ्याकडे बघून ओशाळं हसली. "माझंच चुकलं, काका," म्हणाली. मी काच पुसत राहिलो.

एकदा गावातल्या तिच्या सोसायटीच्या गेटपर्यंत गेलो होतो. वॉचमननं इंटरकॉम लावून माझ्या हातात दिला. पलीकडून तिचाच आवाज आला, कोण आहे? तिनं दोनदा विचारलं. राँग नंबर म्हणून मी रिसीव्हर परत दिला.

जाताना सगळं पाठ करून गेलो होतो. ताई, तुम्ही नीट चालवत होतात. वळणात ब्रेक तुम्ही मारला नव्हता, ते मी रचलं. स्प्रिंग मी कापली, तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं, आणि मी घाबरलो. मला माफ करा.